राईखालची खाचरं

आहुप्याची देवराई बघायला कुठल्या महिन्यात जावं, असं मला बरेच जण विचारतात. मी ज्येष्ठ सांगते. एखाद-दोन वळीव पडून गेलेत, मृग तोंडावर आलाय, पण संततधार अजून लागलेली नाही, असे ते आठ-पंधरा दिवस. श्रावणातलं धुकं आणि धबधबे मलाही आवडतात. पण श्रावणात आलेला माणूस पाणी बघून परत जातो. ज्येष्ठात रान, शेत आणि घर यांच्यात वर्षभर चालणारी देवघेव उघड्यावर मांडलेली असते. अंगणात हिरडा वाळत पडलेला असतो, खाचराच्या कोपऱ्यात राब भाजून जमीन काळी झालेली असते, राईतल्या जांभळीखाली पाऊल टाकायला जागा नसते. नुसती राई बघायला आलेल्याला राई कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती का टिकली हे तिच्याखालच्या खाचरांत उतरल्यावर समजतं.

मी या खोऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नोकरी संपली, पण जाणं संपलं नाही. हाताखालून गेलेल्या मुलींची लग्नं, त्यांच्या लेकरांची बारशी, कुणाच्या घराची वास्तुशांत. निमित्त नसलं तर जांभळं आहेतच. अजूनही लहानथोर सगळे मला ‘बाई’च म्हणतात.

आहुपे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. मंचरहून निघालं की घोडेगाव, मग डिंभे, आणि तिथून धरणाच्या फुगवट्याला वळसा घालत रस्ता पश्चिमेला चढत जातो. या प्रवासात दर अर्ध्या तासाला शेत बदलतं. मंचरकडे कांदा, बटाटा, ऊस. घोडेगावच्या पुढे बागायत विरळ होते. डिंभ्याच्या वर गेलं की उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरं सुरू होतात आणि बांधाबांधावर हिरडा आणि ऐन दिसू लागतो. घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो घोड नदीतून डिंभ्यात येतो, कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी खाली शिरूरपर्यंत जातो आणि तिथला ऊस पिकवतो. ज्या वाड्यांच्या डोक्यावर हा पाऊस कोसळतो, तिथल्या बाया मात्र एप्रिल-मेमध्ये झऱ्यावर वाटी-वाटीनं हंडा भरतात. कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही. त्याला थांबवणारी गोष्ट म्हणजे झाडाखालची माती, आणि ती उरली आहे तिथेच झरे उन्हाळाभर जिवंत राहतात.

धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की जुन्या आंबेगावच्या खुणा वर येतात. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गावच पाण्यात गेलं. जमिनी गेलेल्या इथल्या महादेव कोळी कुटुंबांनी पुढे दोन वाटा काढल्या. एक मासेमारीची, आणि दुसरी पडकईची. पडकई म्हणजे चार-सहा घरांनी मिळून एकेकाच्या उतारावर आळीपाळीनं काम करायचं: दगडाचा ताल रचायचा, त्यामागे माती ओढायची आणि ओबडधोबड उताराचं सपाट खाचर करायचं. रीत जुनी आहे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं ती रोजगार हमीच्या कामात बसवून घेतली, आणि २०१२ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तालाचा दगड नीट बघावा. मोठे धोंडे खाली, फटीत चिपा आणि सगळी भिंत किंचित आतल्या बाजूला कललेली. पावसाचं पाणी फटींतून झिरपतं, माती मागेच राहते.

याच रस्त्यावर माळीण लागतं. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, म्हणून बाहेर खबर गेली. त्या आठवड्यात आम्ही शिक्षकांनी काय केलं ते मला इथे लिहवत नाही. कारणांवर नंतर खूप चर्चा झाली: अतोनात पाऊस, तीव्र उतार, कातळावरचा मातीचा जाड थर, यंत्रानं केलेली खोदाई, तुटलेली झाडं. कुठल्या कारणाचा वाटा किती, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण हातानं रचलेला ताल आणि यंत्रानं एका दिवसात कापलेला उतार यांत फरक आहे, हे इथला शेतकरी त्याआधीही सांगत होता. तिथे गाडी थांबवली तर स्मारकाशी जावं, नावं वाचावीत. फोटो काढायची ती जागा नाही.

आता राबाचं सांगते, कारण शहरातून येणाऱ्यांना तो हटकून खटकतो. भाताचं बी सरळ खाचरात पेरत नाहीत. आधी एका तुकड्यात दाट रोप करायचं आणि मग ते उपटून लावायचं. हेक्टरभर आवणीला साधारण दहा गुंठ्यांचं रोप लागतं. त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेणाचा थर, त्यावर ऐनाचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती पसरतात. वारा पडला की संध्याकाळी पेटवतात. पेटवायचं वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे जाळ धावत सुटत नाही, सावकाश सरकतो. मातीच्या थरामुळे ज्वाळा कमी आणि धग जास्त. त्या धगीनं तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते आणि पहिल्या पावसानंतर पेरलेलं भात तणाच्या आधी वर येतं. दुसऱ्या दिवशी त्या जागी हात ठेवून बघावा. माती कोमट असते आणि बोटांत पिठासारखी भुरभुरते.

यासाठी झाडं छाटावी लागतात, हे खरंच. बांधावरचे ऐन नुसत्या खांबांसारखे उभे दिसतात. हा वाद आजचा नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या राबाच्या हक्कावरून इंग्रजांच्या काळात इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनआयोग नेमावा लागला. आज गादीवाफ्यावर, तुसाची काळी राख वापरून न भाजता रोप करता येतं. चारसूत्री पद्धतीत तेच शिकवतात आणि ते चांगलं आहे. पण ज्याच्या घरात मूठभर तूस उरतं आणि ज्याच्या बांधावर पिढ्यान् पिढ्या छाटून पुन्हा फुटलेला ऐन आहे, त्याला जंगलाचा शत्रू म्हणणं अन्यायाचं आहे. तो बुंध्याला हात लावत नाही. ज्या झाडाच्या फांद्यांवर घरचं भात अवलंबून आहे ते झाड कोण तोडील? मला भीती वाटते ती राब भाजणाऱ्याची नाही. शेती सोडून पुण्या-चाकणला गेलेल्या मुलाला बापाच्या बांधावरचा ऐन कशासाठी ठेवायचा हेच कळणार नाही, त्याची वाटते.

हिरड्याचंही तसंच. आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यात हिरडा तोडून विकत नाहीत, कारण उभं झाड दरवर्षी पैसे देतं. आठळी धरायच्या आत उतरवलेलं कोवळं फळ म्हणजे बाळहिरडा. वाळून तो काळा, सुरकुतलेला होतो आणि औषधवाल्यांकडे जातो. पूर्ण वाढलेला पिवळट मोठा तो सुरवारी हिरडा, त्याला कातडी कमावणारे विचारतात. उन्हाळ्यात पोरं शेंड्यापर्यंत चढतात, काठीनं फांद्या झोडतात, खाली बायका वेचतात. फांदी मोडून माणसं पडतात, हातपाय जायबंदी होतात. हा सोपा पैसा नव्हे. हिरडा वेचणारीचा हात बघावा: बोटांची टोकं आणि नखांच्या कडा काळ्याशार. फळातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की काळा रंग धरतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करत ती याच गुणावर. माझ्या वर्गातल्या मुली जूनमध्ये शाळेत यायच्या तेव्हा हात बाकाखाली लपवायच्या. मी त्यांना फळ्यासमोर बोलावून तो हात सगळ्यांना दाखवायला लावायची आणि शाईची गोष्ट सांगायची. त्यानंतर लपवणं थांबलं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं या भागातले हिरडे मोठ्या प्रमाणावर पाडले. पत्रा उडाला तर नवा आणता येतो. हिरडा नव्यानं लावून मालाला यायला वर्षं लागतात, आणि शिवाय एक अडचण आहे. सगळी फळं कोवळी असतानाच उतरवली तर बी धरणार कधी आणि रोप उगवणार कुठून? म्हणून फळालाही हात लावायचा नाही असा नेम असलेली राई मला फार मोलाची वाटते. तिथली फळं पिकतात, पडतात, जनावरं-पाखरं ती नेतात आणि बी बाहेर पडतं.

आहुप्याची राई गावाला लागून आहे. भैरवनाथाची. चपला बाहेर काढाव्यात, सांगायला कुणी उभं नसलं तरी. आत शिरलं की आधी डोळ्यांना अंधारी येते, मग एकेक झाड सुटं होऊ लागतं. जांभूळ आणि अंजनी ओळखायला सोपी, या माथ्यावरच्या सदाहरित रानाचा मुख्य भरणा त्यांचाच. पिसा, पारजांभूळ, आंबा, उंबर, मधूनच हिरडा. बुंध्यांवर शेवाळ आणि नेच्यांचे झुबके. अशा जुन्या रायांमधून गारंबीचा वेल दिसतो. माणसाच्या मांडीएवढं त्याचं खोड एका झाडावरून दुसऱ्यावर पिळे घालत जातं आणि त्याची शेंग हात-दीड हात लांब भरते. बी तपकिरी, चपटं, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढं. शाळेच्या कपाटात मी एक शेंग ठेवली होती. नवीन पोर आलं की आधी ती शेंग हातात घ्यायचं.

राईत उन्मळून पडलेलं झाड तिथेच कुजतं. सरपणाला काडीही न्यायची नाही, कोयता आत न्यायचा नाही. अगदीच गरज पडली, देवळाची तुळई बदलायची वगैरे, तर देवाला कौल लावायचा. एका आजीला मी विचारलं होतं, “आजी, घरात सरपण नाही आणि इथे एवढं वाळकं पडलंय, मनात येत नाही का?” ती म्हणाली, “येतं की बाई. पण ते देवाचं हाये. आपलं हाये ते आपण बांधावरून नेतोच की.” या उत्तरात सगळी व्यवस्था आहे. बांधावरचं घ्यायचं, छाटायचं, विकायचं. राईतलं ठेवायचं. दोन्हींची जागा ठरलेली.

पडलेल्या झाडाच्या त्या कुजण्यातच पुष्कळ काही आहे. पावसाळ्यात अमावास्येच्या आसपास, बॅटरी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की ओल्या काटक्यांवर फिकट हिरवी चमक दिसू लागते. मायसीना जातीच्या बुरशीचा हा उजेड. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय तो दिसतच नाही, आणि मोबाइल लावून धावपळ करणाऱ्यांना तर कधीच नाही. दिवसा शेकरू दिसतं. भीमाशंकरचं सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, शेंड्याशेंड्यांवरूनच फिरतं आणि एकापेक्षा जास्त घरटी बांधून ठेवतं. म्हणजे त्याला झाडांची नुसती संख्या पुरत नाही, फांदीला फांदी लागलेली हवी. राई आणि जंगल यांच्यामध्ये बांधावरचे हिरडे आणि आंबे उभे असले तर वाट जुळते.

देवरायांचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रात नीट सुरू झाला तो माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात गावोगाव फिरून केलेल्या कामानं. त्यांचा सह्याद्रीतल्या देवरायांवरचा लेख १९७६ मध्ये छापून आला. दामोदर कोसंबींनी त्याआधीच रानातल्या देवतांची ठाणी आणि शेतीपूर्व काळातली माणसं यांचा संबंध दाखवला होता. वर्तक-गाडगिळांनी त्याला झाडांच्या नोंदींची जोड दिली: भोवतालच्या रानातून गेलेल्या वनस्पती राईत अजून उभ्या आहेत, हे नावानिशी मांडलं. हे काम झालं नसतं तर ‘अंधश्रद्धेपायी पडीक ठेवलेली जागा’ म्हणून कित्येक राया कोळशाच्या भट्टीत गेल्या असत्या. काही गेल्याच.

आजचा धोका वेगळा आहे आणि तो भक्तीच्या वाटेनं येतो. मुंबईला गेलेली पोरं पैसे जमवतात, देवाचं काहीतरी करावं ही भावना खरी असते आणि मग जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा सभामंडप येतो. मंडपाला जागा लागते, ट्रकला वाट लागते, फरशीवर पाला पडू नये म्हणून वरच्या फांद्या जातात. खोऱ्यातल्या एका गावात असाच मंडप ठरला होता आणि मधोमध एक जुनी अंजनी येत होती. बैठकीला मी होते. तरुणांचं म्हणणं, एकाच झाडाचा तर प्रश्न आहे. म्हाताऱ्यांचं म्हणणं, कौल लावा. कौल लावला, तो मिळाला नाही. दोन दिवस धुसफूस झाली आणि मंडप उत्तरेला सरकवून लहान केला. मी विज्ञान शिकवलेली बाई आहे, पण त्या दिवशी कौलावर मी मनापासून खूश झाले. अंजनीचं लाकूड लोखंडासारखं आणि वाढ अतिशय सावकाश. तसा बुंधा व्हायला जो काळ लागतो तो कुणाच्या वर्गणीत बसत नाही.

राईतून पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की जमीन संपते. समोर कडा, खाली मुरबाडचा कोकणपट्टा आणि डोळ्यांच्या पातळीच्या खाली गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. इथून आहुपे घाटाची वाट खोपिवलीला उतरते. गावातली जुनी माणसं या वाटेनं म्हशाच्या जत्रेला जायची आणि खालून सुकी मासळी घेऊन वर यायची. कड्याच्या अलीकडच्या माळावर वरकस जमीन आहे. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी आणि मग काही वर्षं विश्रांती. हस्ताच्या सुमारास आलात तर खुरासणीची पिवळी पट्टी कड्यापर्यंत गेलेली दिसेल. तिचं तेल घरात वर्षभर पुरवून वापरतात. खाली पाणथळ खाचरांत पूर्वी रायभोग आणि जिरवेल असायचे. आता बरीचशी इंद्रायणी आहे. जिरवेलाचं बी एखाद-दुसऱ्या घरात कणगीच्या तळाशी राखून ठेवलेलं सापडतं. मिळाला तर घ्या, भाव करू नका.

जेवणाची सोय गावातल्या घरांत होते, आदल्या दिवशी कळवायला हवं. मुक्काम केलात तर रात्री गाडीचे दिवे आणि गाणी बंद ठेवा. वळवानंतर काजवे असतात, नर चमकून मादीला हाक देतो आणि प्रखर उजेडात ती हाक विरून जाते. अश्विनात आलात तर वाघबारशीला गुराखी पोरांबरोबर रानात खीर खायला मिळेल. वाघ इथून केव्हाच गेला, वाघोबाचं पूजन अजून होतं.

परतताना घोडेगावच्या बाजारात थांबा. ज्येष्ठात तिथे बाळहिरडा मापाला लागलेला असतो. मागच्या खेपेला मी तिथे माझ्याच एका विद्यार्थिनीची आई पाहिली. दोन गोण्या घेऊन पहाटेच्या गाडीनं आली होती. व्यापाऱ्यानं ओंजळभर माल वर उडवला आणि कान दिला. खडखड वाजला तर वाळलेला, दबका वाजला तर भाव उतरतो. तो म्हणाला, ओल आहे. ती म्हणाली, “पुन्हा वाजवा. दुसऱ्या गोणीतला वाजवा.” त्यानं वाजवला. भाव दीड रुपयानं वर सरकला. पैसे मोजून तिनं तिथल्या तिथे वाटण्या केल्या: भाताच्या बियाण्याचे, खताच्या गोणीचे, बैलाच्या वेसणीचे, नातीच्या वह्यांचे. मग मला म्हणाली, “बाई, आर्द्रात आवणी धरलीय. या, चार मुठी लावून जा.”